व्ही आणि डब्ल्यूच्या फरकाने आमच्या नावाची वेबसाइट दुसऱ्यानेच घेतली, 80 हजार मागतोय, द्यावेत का?

बेदाणेवाली_पिंपळगाव:
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे, घरचे बेदाणे 2019 पासून सासूबाईंच्या नावाने विकतो, दुकान नाही, सगळं डॉट कॉम वेबसाइट आणि व्हॉट्सॲपवर. सासूबाईंच्या नावात 'व' आहे, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव घेताना आम्ही इंग्रजी व्ही घेतला. आता कुणीतरी तेच नाव डब्ल्यू टाकून डॉट कॉममध्येच घेतलंय आणि तिथे आमच्याच शेडचे फोटो, सासूबाई बेदाणे निवडत बसल्यात तो फोटोसुद्धा, आणि ऑर्डरसाठी भलताच नंबर. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी तिथे 2,400 रुपये भरले, माल आलाच नाही, त्यांनी फोन करून मला चांगलंच सुनावलं आणि त्या कशाबद्दल बोलतायत हेच मला आधी कळेना. मग मेल आला, नाव हवं असेल तर 80 हजार द्या. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात, घरातले म्हणतात देऊन टाक आणि मोकळी हो. ट्रेडमार्क काढलेला नाही. काय करू?

सातपूरकर:
ताई एक रुपया देऊ नका. आज डब्ल्यूचे दिलेत तर उद्या तो शेवटी एक जादा ए लावून परत येईल.

गंगापूररोड_वकील:
ताई, आधी तो मेल जपून ठेवा, डिलीट करू नका आणि रागाच्या भरात उत्तरही देऊ नका. घेताना जो खर्च आला त्याच्या कितीतरी पट पैसे मागून नाव मूळ मालकालाच विकायला बघणं, हा दुष्ट हेतूचा पुरावा म्हणून धरला जातो, म्हणजे त्याने स्वतःच तुमच्या हातात कागद दिलाय.
डॉट कॉमसाठी आयकॅनचं, म्हणजे जगभरातल्या डोमेन नावांचं काम बघणाऱ्या संस्थेचं, नावांचे वाद सोडवायचं यूडीआरपी नावाचं धोरण आहे, 1999 पासून. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या नावाशी घोटाळा होईल इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर स्वतःचा रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरतोय. तक्रार जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, ऑनलाइन करता येते, साधारण दोन महिन्यांत निकाल लागतो. पण एका पंचाची फी 1,500 डॉलर आहे, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे, आणि जिंकलात तरी नावच मिळतं, नुकसानभरपाई नाही. त्याने 80 हजार हा आकडा उगाच काढलेला नाही, फीपेक्षा कमी मागितलं की माणूस देऊन टाकतो हे त्याला पक्कं माहितीय. डॉट इन असतं तर ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी संस्थेच्या आयएनडीआरपी या तशाच धोरणाखाली लवादाकडे गेलो असतो, तिथे वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं, यातलं एक दाखवलं तरी चालतं.
ट्रेडमार्क नाही म्हणून खचू नका. 1999 साली मुंबई उच्च न्यायालयात रेडिफने 'रॅडिफ' नावाचं डोमेन अडवलं होतं, एका अक्षराचाच फरक होता. आणि 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेनलाही व्यापारी नावासारखं संरक्षण आहे, पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा, दावा लागू होतो. फक्त नाव बाजारात तुमचं म्हणून ओळखलं जातं हे दाखवावं लागेल, तर 2019 पासूनची बिलं, कुरियरच्या पावत्या, गिऱ्हाइकांचे मेसेज, सगळं एका फाइलला लावा.

सिडको_नाशिक:
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं आजोळ तासगावचं, तिकडेही घरोघरी बेदाणे, त्याच नावाच्या एखाद्या बाईंनी खरंच डब्ल्यूने नाव घेतलं असतं तर तुमचा काही हक्क चालला नसता. आपली मराठी नावं इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिली जातात, प्रत्येक सारखं नाव म्हणजे चोरी नव्हे. तुमच्याकडे चोरी आहे ती फोटोंमुळे आणि मेलमुळे. म्हणून फोटोंवरच जोर द्या: ते डोमेन ज्या कंपनीकडून घेतलंय आणि साइट जिथे ठेवलीय त्या दोघांना मूळ फोटो जोडून तक्रार पाठवा, साइट उतरायला हा रस्ता निकालापेक्षा लवकरचा आहे. आणि पुण्याच्या काकूंना आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा, पैसे त्यांचे गेलेत तर तक्रार त्यांनीच करायला हवी.

पंचवटी_मसाले:
आमचं तर मूळ नावच गेलं होतं. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, आमचा जुना मेल कुणी बघत नव्हतं, मुदत संपली तरी पत्ता नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस मिळतात, मग 30 दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, त्यानंतर 5 दिवसांनी कुणीही घेऊ शकतं, आम्ही जागे झालो तोवर दुसऱ्याने घेतलं होतं. ताई, तुमचं व्हीचं डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे ते आज रात्रीच बघा.

बेदाणेवाली_पिंपळगाव:
बघितलं, यजमानांच्या नावावर आहे, मार्चपर्यंत मुदत होती, पाच वर्षं वाढवून घेतली. नावाचं डबल ईचं स्पेलिंग आणि डॉट इन मोकळे होते, तेही घेतले. काकूंची तक्रार नोंदवली, त्यांना माल आमच्याकडून पाठवलाय. फोटोंची तक्रार दोन्हीकडे गेली. वकीलदादा, ट्रेडमार्कचा अर्ज सासूबाईंच्या नावाने करू की यजमानांच्या?

गंगापूररोड_वकील:
बिलं ज्यांच्या नावाने निघतात त्यांच्या नावाने. बेदाणे ट्रेडमार्कच्या वर्ग 29 मध्ये येतात, वैयक्तिक ऑनलाइन अर्जाची फी 4,500. वापर 2019 पासून असं लिहा आणि सगळ्यात जुनं बिल सोबत लावा.