उत्तर: सीड एकच, तरी नमुना वेगळा

‘आर’ या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं विश्लेषण पुन्हा चालवलं तरी निकाल तेच यावेत, यासाठी वरच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी म्हटल्यात. मूळ डेटाचं फोल्डर वेगळं ठेवून त्याला हात लावायचा नाही, ही पहिली शंभर टक्के मान्य. इथे बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या एक्सेलमध्ये मधेच गुजराती आकडे असतात. ते हातानं सुधारायचा मोह होतोच, पण ते काम स्क्रिप्टनंच करावं. मात्र ‘सेट सीड दिला की निकाल तोच येणार’ ही दुसरी पटत नाही (सीड म्हणजे यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो ठरवून दिलेला आकडा). ‘आर’च्या ३.६.० आवृत्तीत (एप्रिल २०१९) यादृच्छिक नमुना निवडणाऱ्या ‘सॅम्पल’ फंक्शनची आतली पद्धत बदलली. त्यामुळे तोच सीड देऊनही जुन्या आवृत्तीतला नमुना सहसा मिळत नाही. आमच्याकडे एका जुन्या अहवालातले तपासणीसाठी निवडलेले बॅच नंबर नव्या मशीनवर जुळेचनात, तेव्हा सगळे आधी डेटाकडेच संशयानं बघत होते.

यादृच्छिक निवडीची पद्धत ठरवणाऱ्या ‘आरएनजीकाइंड’ फंक्शनमध्ये ‘सॅम्पल.काइंड’ला ‘राउंडिंग’ दिलं की जुनी पद्धत परत मिळते, एक वॉर्निंग तेवढी येते. पुढच्यासाठी ‘आरएन्व्ह’ या पॅकेजची लॉकफाइल (वापरलेल्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत, ठेवा. तिच्यात पॅकेजांसोबत ‘आर’ची आवृत्तीही नोंदली जाते, पण ती आवृत्ती बसवायचं काम आपलंच. आणि अहवालाच्या शेवटी ‘सेशनइन्फो’ (‘आर’ आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची माहिती) छापायला काहीच पडत नाही.