मदत हवी आहे: अक्षरं सरकवायचा प्रश्न, उत्तर बरोबर येतंय पण मेमरी पुरत नाही

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. रामबागेत आम्ही कॉलेजची काही मराठी मुलं रविवारी जमून कोडिंगचे प्रश्न सोडवतो. हा एक मात्र सगळ्यांना पुरून उरलाय.

छोट्या इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग, लांबी २ लाखांपर्यंत, क्वेरी, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या सूचना, त्याही तेवढ्याच आणि दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात एल, आर आणि एक्स मिळतात: एल ते आर मधलं प्रत्येक अक्षर एक्स घरं पुढे न्यायचं, झेडनंतर पुन्हा ए. म्हणजे ‘एबीझेड’ दोननं सरकवलं की ‘सीडीबी’. दुसऱ्या प्रकारात विचारतात, एल ते आर मध्ये अमुक अक्षर किती वेळा आलंय? वेळ २ सेकंद, मेमरी ६४ एमबी.

साधं लूप लावलं तर ४,००० कोटी पावलं, तो विषयच नको. आणि कृपा करून ‘डिफरन्स अ‍ॅरे वापर’ असं सांगू नका (कुणीतरी सांगणारच!). एलवर एक्स मिळवा, आरच्या पुढच्या घरात वजा करा, शेवटी डावीकडून बेरीज करत जा, हे झकास चालतं. पण सगळे बदल आधी उरकले तरच. इथे विचारणा मधेमधे येतात. फेनविक ट्री (बेरजा झटपट काढून देणारी रचना) लावला तर एका जागेवरचं अक्षर चटकन कळतं, मोजणी मात्र होत नाही.

म्हणून सी प्लस प्लसमध्ये सेगमेंट ट्री लिहिला: स्ट्रिंगचे अर्धे-अर्धे तुकडे पाडत जाणारं झाड, प्रत्येक तुकड्याचा एक नोड. प्रत्येक नोडमध्ये २६ आकडे (कुठलं अक्षर किती वेळा), सरकवणं म्हणजे तेच आकडे गोल फिरवणं. लेझीमध्ये (खालच्या नोडांपर्यंत अजून न पोचवलेला बदल) एक्सची २६ नं भागून उरलेली बाकी. छोट्या स्ट्रिंगांवर साध्या लूपशी ताडून पाहिलं, उत्तरं जुळतात. वेळेतही बसतं. घोडं अडतंय मेमरीवर: एन ही स्ट्रिंगची लांबी, ४ एन म्हणजे ८ लाख नोड, प्रत्येकी ४ बाइटचे २६ इंट, झाले ८३ एमबी. शॉर्ट (२ बाइटचा आकडा) वापरावा तर मुळाच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, नोडमध्ये आकडा २ लाखांपर्यंत जातो, तो मावत नाही. काय करू?

प्रतिसाद (बडोद्याहून): अरे, ४ एन ही आळशी सवय आहे. खरे नोड २ एनपेक्षा एक कमीच असतात. डावं मूल लगेच पुढच्या क्रमांकावर ठेव, उजवं डाव्याचा सगळा उपवृक्ष संपल्यावर. ४२ एमबीच्या आत येशील.

पण मी असतो तर पानात (सगळ्यात खालच्या नोडमध्ये) एकच अक्षर ठेवलं नसतं. १६ अक्षरांचा एक गठ्ठा कर. पानं १२,५००, मग ४ एन धरूनही जेमतेम ५ एमबी. गठ्ठ्याचा थोडाच भाग बदलायचा असेल तर आधी त्याची साठलेली लेझी अक्षरांवर उतरव, मग लूपनं बदल आणि २६ आकडे नव्यानं मोज.

धागाकर्ता: दादा, भारीच! ३२ चा गठ्ठा घेतला तर?

प्रतिसाद: चालेल की. दोन्ही चालवून वेळ बघ, मग ठरव. आणि एक्स ऋण देत असतील तर बाकी काढण्याआधी सांभाळ, सी प्लस प्लसमध्ये तीही ऋण येते.