ग्राफिक डिझाइनसाठी विद्यापीठात चार वर्षे: नागपुरातून पाहताना

धरमपेठचा पालक

माझी मुलगी यंदा बारावीत आहे. विज्ञान शाखा तिने आमच्या आग्रहाखातर घेतली. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतली अ श्रेणी मात्र तिची स्वतःची आहे, आणि हल्ली अभियांत्रिकीचा विषय निघाला की ती ताटावरून उठते. तिला उपयोजित कला, म्हणजे ग्राफिक डिझाइन, शिकायची आहे. गेल्या महिन्यात नागपुरातल्याच महाल भागात राहणाऱ्या साडूंकडे जेवायला गेलो असताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "कोरल ड्रॉ शिकायला चार वर्षे कशाला? सीताबर्डीत तीन महिन्यांत शिकवतात." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून मी चौकशी करतो आहे आणि आता माझे मत झाले आहे. ते येथे तपासून घ्यावे म्हणून हा धागा.

नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तेथे सामायिक प्रवेश परीक्षेतून चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. आयआयटी मुंबईतील आयडीसी हा डिझाइन शिकवणारा विभाग १९६९ सालचा. तेथील पदवीसाठी युसीड ही परीक्षा द्यावी लागते आणि त्याच परीक्षेच्या गुणांवर जबलपूरच्या ट्रिपल आयटीतही डिझाइनची पदवी घेता येते. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली आणि तिच्याच नावाची एक संस्था आता भोपाळलाही आहे. नागपूरकरांना जबलपूर आणि भोपाळ ही दोन्ही शहरे मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहेत, तरी आपली नजर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने पश्चिमेकडेच जाते, हे मला या चौकशीत प्रथमच जाणवले.

माझे मत असे की मुलीने विद्यापीठातच जावे, मात्र सॉफ्टवेअर शिकण्यासाठी नव्हे. साध्या उदाहरणाने सांगतो. आमच्या वसाहतीच्या सहलीचा फलक मागच्या महिन्यात लागला, त्यावर "सातपुड्याच्या दर्या" असे छापले होते. दर्या म्हणजे समुद्र. म्हणायचे होते दऱ्या. फलक करणाऱ्या मुलाचा हात संगणकावर विजेसारखा चालतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याला काही येत नव्हते असे नाही. एवढेच की र हे अक्षर मराठीत दोन प्रकारे अर्धे होते आणि त्यातून अर्थ बदलतो, हे त्याला कोणी थांबवून सांगितले नव्हते. असे थांबवून सांगण्याची जागा विद्यापीठाखेरीज दुसरी कोणती आहे?

महालचा छापखाना

दुसरी जागा आहे, साहेब. ती माझ्या दुकानात आहे आणि तेथे शुल्क लागत नाही.

तीस वर्षांहून अधिक काळ मी छपाईच्या धंद्यात आहे, तेव्हा थोडे कडू बोललो तर राग मानू नये. पदवी घेऊन आलेली मुले माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांचे नमुन्यांचे पुस्तक पाहून मन प्रसन्न होते, परंतु पहिल्याच आठवड्यात त्यांनी दिलेली फाइल छपाईला घेता येत नाही. रंग पडद्याचे असतात, शाईचे नसतात. कडेला तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडलेली नसते, त्यामुळे कटिंगनंतर एका बाजूला पांढरी रेघ राहते. सर्वांत वाईट म्हणजे बारीक काळी अक्षरे नुसत्या काळ्या शाईऐवजी निळी, गुलाबी, पिवळी, काळी अशा छपाईच्या चारही शायांत टाकलेली असतात. मग यंत्रावर कागद केसभर सरकला तरी प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी किनार दिसते आणि गिऱ्हाईक मला विचारते की डोळे दुखतात ते का. खोक्याची डाय, म्हणजे कापण्याचा साचा, काढताना पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे त्यातले तंतू, कोणत्या दिशेने आहे हे पाहिले नाही तर घडीवर तडा जातो. हे मला एका अंगठेबहाद्दर बाइंडरने शिकवले, आणि त्या माणसापेक्षा मोठा प्राध्यापक मी आजवर पाहिलेला नाही.

"दर्या"ची चूक माझ्या ऑपरेटरनेही केली असती, हे कबूल. पण ती त्याने एकदाच केली असती, कारण फलक पुन्हा छापण्याचा खर्च मी त्याला समोर बसवून लिहून दाखवला असता. महाविद्यालयात चूक झाली तर फक्त गुण कमी होतात.

गोंदियाची, आता नागपूरची

छापखान्याच्या काकांचे म्हणणे मला पटते, पण त्यांच्या दुकानात मला माझ्या वडिलांनी कधीच पाठवले नसते. हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. गावाकडची मुलगी दुसऱ्या शहरात एखाद्या दुकानात बिनपगारी काम शिकायला जाते, हे घरात कोणत्या शब्दांत सांगायचे? "विद्यापीठाची पदवी" हा शब्द उच्चारता आला म्हणून मला बस मिळाली, वसतिगृह मिळाले आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरता आला. शिवाय मान्यताप्राप्त पदवी असली की स्पर्धा परीक्षांचा दरवाजा उघडा राहतो. खासगी क्लासच्या प्रमाणपत्रावर तो उघडत नाही. माझ्या वर्गातील दोघी आज तसा अभ्यास करत आहेत. चित्रकलेशी त्याचा संबंध नाही असे म्हणता येईल, परंतु घरच्या होकाराशी फार आहे.

पदवी घेऊन पस्तावलेला

मी उलट बाजूचा साक्षीदार आहे. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण तेथील दोन शिक्षकांचे माझ्यावर खरेच उपकार आहेत. पहिले वर्ष पायाभूत अभ्यासाचे होते: वस्तुचित्रण, निसर्गचित्रण, द्विमितीय आणि त्रिमितीय संकल्प, अक्षरलेखन. ते वर्ष उत्तम गेले, आणि त्या एका वर्षापुरते धाग्याच्या लेखकांचे म्हणणे मला मान्य आहे. पुढची तीन वर्षे आम्ही काल्पनिक साबणाची जाहिरात, काल्पनिक विमान कंपनीचे बोधचिन्ह आणि काल्पनिक अत्तराची बाटली करत राहिलो. विदर्भात राहून आमच्यापैकी एकानेही संत्र्याची पेटी केली नाही. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, हे मला नोकरीला लागल्यावर एका ग्राहकाकडून कळले.

त्या ग्राहकासाठी संत्राबर्फीचे वेष्टन करताना मला वैधमापनाचे, म्हणजे वेष्टनावर काय छापावे हे सांगणारे, २०११ चे नियम प्रथम वाचावे लागले. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि महिना-वर्ष हे कोठेतरी कोपऱ्यात ढकलायचे तपशील नाहीत. त्यांतील काही अक्षरांची किमान उंचीसुद्धा ठरवून दिलेली आहे. शाकाहाराचा हिरवा ठिपका चौकोनातच यावा लागतो. मी केलेले पहिले वेष्टन दिसायला देखणे होते आणि बाजारात नेण्यायोग्य नव्हते. चार वर्षांत हे शिकवायला एक दुपार पुरली असती. तेव्हा पालकांनी केवळ "विद्यापीठ" या शब्दावर जाऊ नये. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातील मुलांची खरी कामे पाहावीत आणि त्यांतील किती कामे खऱ्या दुकानासाठी, खऱ्या संस्थेसाठी केलेली आहेत ते विचारावे.

सदरवासी

हा वाद दोन वर्षांत संपेल. चित्र आणि फलक आता यंत्रच करून देते. आमच्या कार्यालयात गणेशोत्सवाचे पत्रक असेच झाले.

अक्षरवेडी

सदरवासी, ते पत्रक जपून ठेवा आणि त्यातील जोडाक्षरे एकेक करून वाचा. अधिक बोलत नाही.

मूळ मुद्द्याकडे येते. मी टायपोग्राफी, म्हणजे छापील अक्षरांची घडण आणि मांडणी, शिकवते, त्यामुळे माझे मत पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकते. धाग्याच्या लेखकांनी दऱ्या आणि दर्या यांचे उदाहरण दिले, ते योग्य आहे, पण तेवढ्यावर थांबले तर छापखान्याचे काका म्हणतात तेच खरे ठरते: चुकीचा दंड भरला की माणूस शिकतो. प्रश्न न दिसणाऱ्या चुकांचा आहे. नागपुरात हिंदी आणि मराठी एकाच टेबलावर जुळवली जाते. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदीच्या वळणाच्या फॉन्टमध्ये दंडाचा ल आणि शेंडीफोडा श येतो. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना क्रमांक एकच आहे, म्हणून आकार ठरतो तो फॉन्टवर आणि मजकुराची भाषा कोणती निवडली आहे त्यावर. फॉन्ट नीट बनवलेला असेल आणि भाषा मराठी अशी निवडली असेल, तर अक्षर आपोआप मराठी वळण घेते. ही निवड शहरातील किती दुकानांत होते? गिऱ्हाईक तक्रार करत नाही, दंड भरावा लागत नाही, आणि दहा वर्षांनी आपल्या मुलांना स्वतःच्या लिपीचे वळण परके वाटू लागते. ज्या चुकीची किंमत कोणीच मोजत नाही, ती दुकानात कशी शिकवली जाणार?

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टची गोष्ट याच माळेतली. त्यात पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात. म्हणून तो मजकूर दुसरीकडे चिकटवला की चिन्हांचा कचरा होतो. संस्थांचे स्मरणिकांचे ढीगच्या ढीग असे अडकून पडले आहेत. याउलट विंडोजमध्ये असणारा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, जे आयडीसीत शिकवत होते; आणि मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता व बलू आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. अशी कामे एका गिऱ्हाइकाच्या एका ऑर्डरमधून उभी राहत नाहीत. अनेक वर्षे एकाच अक्षराकडे पाहत बसण्याची मुभा लागते, आणि अशी मुभा आपल्या समाजात आजही बहुतांशी शिक्षणसंस्थाच देते.

महालचा छापखाना

ताई, ल आणि श यांचे मला माहीत होते, पण भाषा निवडण्याचे माहीत नव्हते. काल रात्री मशीन बंद केल्यावर ऑपरेटरकडून करून पाहिले आणि मुक्तामध्ये ल बदलला. हे प्रांजळपणे लिहितो.

पण तुम्ही ज्याला मुभा म्हणता, तिचे पैसे शेवटी कोण देतो? आपल्या शहरात गिऱ्हाईक छपाईचे पैसे देते आणि डिझाइन वर फुकट मागते. पाचशे पत्रिका छापल्या की मजकूर जुळवणे, गणपती शोधणे, तीनदा बदलणे, सगळे त्यातच. हे आम्ही छापखानेवाल्यांनीच लावलेले वळण आहे, स्पर्धेत टिकण्यासाठी. मग तुमचा पदवीधर मुलगा त्याच गिऱ्हाइकाकडे जाऊन नुसत्या डिझाइनचे देयक देतो, तेव्हा ते हसते, आणि सहा महिन्यांत तो मुलगा पुण्याची गाडी धरतो. मेहनत नागपूरची, शिकवणूक नागपूरची, काम पुण्याचे. अभ्यासक्रमात अक्षर शिकवता, रंग शिकवता. दरपत्रक कसे लिहावे, आगाऊ रक्कम कशी मागावी, चौथ्या बदलाला नाही कसे म्हणावे, हे का शिकवत नाही?

पदवी घेऊन पस्तावलेला

मी तीच पुण्याची गाडी धरली होती. दोन वर्षांनी परतलो, आणि परत आल्यावर पहिले काम मला एका छापखान्यानेच दिले. देयकात डिझाइनची वेगळी ओळ लिहिण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा मालकांनी सुरुवातीला ती रक्कम शून्य लिहा असे सुचवले होते. शून्य तर शून्य, पण ओळ राहू द्या, असे मी म्हणालो. तिसऱ्या कामापासून त्या ओळीत आकडा येऊ लागला. काकांचा आक्षेप बरोबर आहे, पण तो पदवीविरुद्ध कसा होतो ते मला कळत नाही. उलट ती ओळ लिहिण्याचे धैर्य मला पहिल्या वर्षाच्या त्या दोन शिक्षकांनी दिले, जे प्रत्येक रेघेचे कारण विचारत असत. ज्याला स्वतःच्या कामाचे कारण सांगता येते, त्याला त्याची किंमतही सांगता येते.

गोंदियाची, आता नागपूरची

शून्याची ओळ मी उद्यापासून माझ्या देयकात लिहिणार आहे.

धरमपेठचा पालक

माझे मत कायम आहे, पण ज्या स्वरूपात मी ते मांडले होते त्या स्वरूपात नाही. विद्यापीठ आपोआप थांबायला शिकवते असे मी गृहीत धरले होते. वेष्टनाचा अनुभव वाचून तो भ्रम गेला. मुलीला प्रवेश परीक्षा द्यायला सांगेन, नागपूर आणि जबलपूर हे दोन पर्याय समोर ठेवीन, आणि प्रवेशापूर्वी दोन्हीकडे जाऊन शेवटच्या वर्षाची कामे तिच्यासोबत पाहीन. चार वर्षे दुकानात घालवावीत हे मात्र मला अजूनही पटत नाही. एक विनंती छापखान्याच्या काकांना: महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी ती आपल्याकडे काही दिवस येऊन बसू शकेल का?

महालचा छापखाना

येऊ द्या. माझे मत बदललेले नाही, ते तिलाही सांगेन. दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा आम्हाला पाणी प्यायलाही फुरसत नसते, आणि तिची बारावीही आहे. परीक्षा संपली की एप्रिलमध्ये पाठवा. लग्नसराईच्या पत्रिका सुरू असतात. पहिला आठवडा संगणकाला हात लावायचा नाही, मुद्रिते वाचायची आणि कटिंगजवळ उभे राहायचे. पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांचे नाव चुकले की दुकानात किती माणसे येतात, तेही तिने एकदा पाहून घ्यावे.