अखंड केंद्रकातही फॉस्फो-एच३ चे ठिपके: अँटिबॉडी खराब आहे का?

पेशीवेडी
उंदराच्या ३टी३ पेशींवर फॉस्फो-एच३ (सेरीन-१०), म्हणजे दहाव्या जागच्या सेरीनवर फॉस्फेट चढलेलं एच३ हिस्टोन, याचं इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकत्या अँटिबॉडीने रंगवणं) करतेय. मेटाफेजची गुणसूत्रं लख्ख चमकतात, तिथे तक्रार नाही. पण काही गोल, शाबूत केंद्रकांतही ठसठशीत ठिपके दिसतात. ही तर मायटोसिसची खूण ना? गाइड म्हणतात, अँटिबॉडी बदल. शिवाय वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) नोकोडाझोल हे औषध दिलेल्या नमुन्यात जाड बँड येतो, साध्या कल्चरमध्ये नुसती सावली. एकूण एच३ दोन्हीकडे सारखा.

जुना_मायक्रोस्कोप
अँटिबॉडी फेकू नका! सेरीन-१० वर फॉस्फेट चढणं प्रोफेजची वाट बघत बसत नाही. जी२ च्या (मायटोसिसच्या लगेच आधीचा टप्पा) अखेरीस सेंट्रोमिअरलगतच्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये (घट्ट गुंडाळलेला डीएनए) सुरुवात होते आणि तिथून ते गुणसूत्रभर पसरतं. मेटाफेजला कळस, अ‍ॅनाफेजपासून उतार, टेलोफेज संपेस्तोवर जवळजवळ साफ. फॉस्फेट चढवणारा एन्झाइम ऑरोरा बी, उतरवणारा पीपी१.

उंदराच्या पेशी घेतल्यात हे बरंच झालं. डॅपी या डीएनएच्या रंगात क्रोमोसेंटर (सेंट्रोमिअरलगतच्या हेटरोक्रोमॅटिनचे पुंजके) उठून दिसतात. तुमचे ठिपके नेमके त्यांवर बसत असतील तर त्या पेशी जी२ च्या. तरी शंका वाटली तर सोबत सायक्लिन बी१ हे पेशीचक्राचं प्रथिन रंगवा, जी२ मध्ये ते मुख्यतः पेशीद्रव्यात सापडतं.

वेस्टर्नचं म्हणाल तर नोकोडाझोलने स्पिंडल बनत नाही, पेशी प्रोमेटाफेजला अडकतात आणि ऑरोरा बी चालूच राहतो. साध्या कल्चरमध्ये मायटोसिसमधल्या पेशी मुळात मूठभर, त्यात गोल होऊन ताटली सैल धरलेल्या. पीबीएस या क्षारद्रावणाने धुताना त्याच आधी जातात आणि सगळे ते धुण्याचं पाणी सिंकमध्ये ओततात! ते पाणी सेंट्रिफ्यूज करून पेशी परत मिसळा. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायचं द्रावण) फॉस्फटेज इनहिबिटर, म्हणजे फॉस्फेट उतरू न देणारं रसायन, घालताय ना?

क्रोमॅटिन_कट्टा
म्हणजे सेरीन-१० मुळेच गुणसूत्रं आवळली जातात, असं धरायचं का?

जुना_मायक्रोस्कोप
इतकं सरळ नाही. टेट्राहायमेना या एकपेशी जीवात सेरीन-१० बदलला की गुणसूत्रांची वाटणी बिघडते. यीस्टमध्ये तोच बदल केला तर पेशी मजेत वाढतात. सस्तन प्राण्यांत त्याचं एक काम पक्कं ठाऊक आहे: शेजारच्या मिथाइल केलेल्या लायसीन-९ वर बसलेलं एचपी१ हे हेटरोक्रोमॅटिनचं प्रथिन सुटतं. आणि एच१ हे दुसरं हिस्टोन बघा. त्याच्यावर सीडीके (पेशीचक्र चालवणारे एन्झाइम) एस अवस्थेतही, म्हणजे डीएनएची नक्कल होतानाही, फॉस्फेट चढवतात, जेव्हा आवळण्याचा प्रश्नच नसतो. मायटोसिसमध्ये ते कमाल पातळीला जातं एवढंच. 'फॉस्फेट म्हणजे आवळणं' हे समीकरण मला कधीच पटलेलं नाही.

पेशीवेडी
इनहिबिटर घालते. जुन्या फोटोंत डॅपी तपासलं: बहुतेक ठिपके क्रोमोसेंटरवरच आहेत. काही केंद्रकांत मात्र बारीक रवाळ विखुरलंय, क्रोमोसेंटर सोडून. फिक्स करण्याआधी अर्धा तास ताजं सीरम दिलं होतं, त्याचा संबंध असेल?

जुना_मायक्रोस्कोप
दाट शक्यता. सीरमने एमएसके१ आणि एमएसके२ हे फॉस्फेट चढवणारे एन्झाइम जागे होतात आणि सी-फॉससारख्या जनुकांपाशी थोड्या एच३ वर हाच सेरीन-१० फॉस्फोरिलेट करतात. त्याचा पेशीविभाजनाशी संबंध नाही, आणि तो टिकतही नाही. सीरम न बदललेली एक ताटली शेजारी ठेवा आणि रवाळ केंद्रकं मायटोसिसच्या मोजणीत धरू नका.