मदत हवी आहे: मुलीला व्हेटरनरीला घालायचंय, फॉर्म कुठे भरायचा? (नाशिक)

सिन्नरवाला: मुलगी बारावी झाली, बायोलॉजी होतं. परीक्षेचेही चांगले आलेत, ९१. जनावरांचं डॉक्टरच व्हायचं म्हणते. पावसाळ्यात आमची गाय अडली तेव्हा रात्री तीनपर्यंत बॅटरी धरून उभी होती, शेवटी वासराच्या पायांना बांधलेली दोरीही तिनेच ओढली. नाशिकमध्ये फॉर्म कुठे मिळेल? लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

गंगापूररोडकर: म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथेच जा.

जुना_परभणीकर: तिथे नको जाऊ दादा, फेरा पडेल. ते एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेदाचं. आपलं 'माफसू', म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर. कॉलेजं नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळला. मी परभणीचाच. प्रवेश 'नीट' परीक्षेवर. ९१ म्हणजे काय? ७२० पैकी? कॅटेगरी कोणती?

निफाडचा_भाऊ: पदवीची साडेपाच वर्षं कशाला? पदविका करू द्या. माझा भाचा तेच करून दारोदार जातो, चांगलं चाललंय.

जुना_परभणीकर: भाऊ, १९८४ च्या कायद्याने उपचार नोंदणीकृत पदवीधरानेच करायचे. पदविकावाल्याला किरकोळ उपचार, तेही पदवीधराच्या देखरेखीखाली.

निफाडचा_भाऊ: कायदा बरोबर आहे हो. पण रात्री दोनला फोन केला तर येतं कोण? आमच्याकडे तोच येतो.

घोटीकर: गाय संकरित होती का? पहिलारू कालवडीला मोठ्या वळूचं रेतन केलं की अडतेच. आमच्या देशी डांगी गाईला असला त्रास नाही.

कॉलेजरोड_ताई: कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकायला सांगा, शहरात फार गरज आहे.

सिन्नरवाला: ९१ पर्सेंटाइल, सीईटीचे. क्लासवाले म्हणाले एवढी एकच परीक्षा पुरे. नीट दिलेली नाही. कॅटेगरी ओपन.

जुना_परभणीकर: मग यंदा नाही होणार दादा. सीईटीवर ॲग्री, बीफार्मसी मिळेल, हे नाही. पण वर्ष वाया जातंय असं समजू नका. नीटमध्ये ७२० पैकी ३६० बायोलॉजीचे, तेवढ्याचा तिचा पाया झालेलाच आहे. फिजिक्सवर जोर द्या. पुढच्या वर्षी माफसूचा फॉर्म भराच, शिवाय १५ टक्के देशपातळीच्या जागांचा व्हेटरनरी कौन्सिलचा वेगळा असतो, तो विसरू नका. तोवर तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याबरोबर गोठ्यागोठ्यात फिरू द्या तिला.

निफाडचा_भाऊ: भाचीकडे नीटची पुस्तकं पडून आहेत. सिन्नरला आणून देतो.

सिन्नरवाला: द्या भाऊ. ती आत्ता धारा काढतेय. झाल्या की सांगतो तिला.