केप वर्दे वर्ल्ड कपला चाललं, पण ही टीम नक्की कुणाची?

कोपऱ्यावरची_किक (धागाकर्ता)

१३ ऑक्टोबर २०२५ ला राजधानी प्रायात केप वर्देने एस्वातिनीला ३-० हाणलं आणि इतिहासात पहिल्यांदा फुटबॉल वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. पश्चिम आफ्रिकेसमोर अटलांटिकमधला, सव्वापाच लाखांच्या आसपास लोकवस्तीचा बेटांचा देश. आणि दुसऱ्याच दिवशी मडगावला फातोर्ड्यात आपण सिंगापूरकडून १-२ हरलो, एशियन कपचं दारही बंद. मी दोन्ही मॅच बघितल्या, त्या आठवड्यात ऑफिसात कुणाशी धड बोललो नाही.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच टेप चालू आहे, "ती कुठे त्या देशाची टीम, युरोपातून गोळा केलेली पोरं ती". आता वर्ल्ड कपच्या ग्रुपांचा ड्रॉ पण झाला, स्पेन, उरुग्वे आणि सौदीच्या ग्रुपात पडलेत, म्हणजे जूनपर्यंत ही टेप काही बंद होत नाही. तर म्हटलं लिहूनच टाकू.

मला ही टीम शंभर टक्के त्या देशाचीच वाटते. का ते सांगतो. पंधराव्या शतकात पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा या बेटांवर माणूसच नव्हता. दहा बेटं, त्यातल्या नऊवर आज वस्ती. गुलामांच्या व्यापाराचा अड्डा, पाऊस नाही, पिकायची बोंब, १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत माणसं हजारोंनी मेली. मग माणूस करणार काय, जहाजावर चढणार. आधी व्हेल मारणाऱ्या बोटींवरून अमेरिकेत न्यू बेडफर्डकडे, नंतर लिस्बन, डकार, पॅरिस, नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. आज देशात आहेत त्यापेक्षा जास्त केप वर्दियन देशाबाहेर आहेत. अशा देशाच्या टीममध्ये रॉटरडॅमला जन्मलेली पाचसहा पोरं नसती तर उलट मला शंका आली असती.

आणि हे काय एका रात्रीत झालेलं नाही. ५ जुलै १९७५ ला स्वातंत्र्य, १९८६ ला फिफात. त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी विचारत नव्हतं. २००० साली घरच्या मैदानावर अमिल्कार काब्राल कप जिंकले, पश्चिम आफ्रिकेतल्या शेजाऱ्यांची स्पर्धा, बाहेर कुणाला पत्ताही नाही. मग २०१२ ला कॅमेरूनला घरी २-० मारलं, परतीच्या मॅचला त्यांचा स्टार स्ट्रायकर एटो परत आला तरी १-२ वर निभावून नेलं आणि पहिल्यांदा आफ्रिकन कपला गेले. कोच कोण, तर लुसिओ अंतुनेस, पेशाने एअर ट्रॅफिक कंट्रोलर! २०१३ ची ती स्पर्धा आठवते का कुणाला? यजमान साउथ आफ्रिकेला ०-० रोखलं, मोरोक्कोशी १-१, आणि अंगोलाविरुद्ध शेवटच्या क्षणी एल्दोनचा गोल, थेट क्वार्टर फायनल. मी त्या दिवसापासून यांचा आहे.

---

डावा_पाय

असहमत. इतिहास छान लिहिलाय, पण इतिहासाशी माझं भांडण नाहीच.

प्रश्न असा की हा खेळाडू घडवला कुणी. कॅमेरूनविरुद्ध सप्टेंबरमध्ये १-० चा गोल, एस्वातिनीविरुद्धचा पहिला गोल, दोन्ही डायलन लिव्रामेंतोचे, जन्म रॉटरडॅम. दुआर्ते भाऊ रॉटरडॅम, जामिरो मोन्तेरो रॉटरडॅम, गॅरी रॉड्रिग्ज रॉटरडॅम. डिफेन्समधला पिको लोपेस तर डब्लिनचा, आई आयरिश, त्याला कोचने लिंक्डइनवर शोधला. लिंक्डइनवर! मेसेज पोर्तुगीजमध्ये आला म्हणून याने स्पॅम समजून सोडून दिला, नऊ महिन्यांनी दुसरा मेसेज आला तेव्हा ट्रान्सलेटरमध्ये टाकून बघितला. ही देशाची टीम की प्लेसमेंट एजन्सी?

तिथली स्थानिक लीग बघा. प्रत्येक बेटाची आपली चॅम्पियनशिप, मग बेटांचे विजेते राष्ट्रीय स्पर्धेत भिडतात. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचा खर्च आणि वेळ तुम्हीच बघा. त्या लीगमधून सरळ वर्ल्ड कप टीममध्ये किती जण येतात ते शोधा आणि मला सांगा. मिंदेलेन्सेसारख्या तिथल्या क्लबच्या अकॅडमीतल्या सोळा वर्षांच्या पोराने या यशातून काय घ्यायचं? आधी परदेशात जन्म घे म्हणून?

---

कोपऱ्यावरची_किक

@डावा_पाय लिंक्डइनचा किस्सा तुम्ही टोमणा म्हणून टाकला, मला तो कौतुकाचा वाटतो. पैसा नाही, स्काउट नाहीत, आपली माणसं जगभर पांगलेली, तर शोधायचं कुठे? जिथे सापडतील तिथे.

आणि सोयीस्करपणे कोणाला वगळलंत? गोलकीपर वोझिन्या तिथल्याच मिंदेलो शहराचा. कोच बुबिस्ता बोआ व्हिस्ता बेटाचा, स्वतः या टीमचा कॅप्टन होता, आत्ता नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेतला वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. आणि तो तिसरा गोल, ९० मिनिटं उलटून गेल्यावर, स्टोपिराचा. ३७ वर्षांचा माणूस, प्रायाचाच. तो गोल परत बघा, सगळी बेंच मैदानात.

---

फातोर्ड्याची_पायरी

मी त्या १४ तारखेला स्टेडियममध्ये होतो, जखमेवर मीठ चोळू नका राव.

डावा_पाय, तुम्ही हिशोब अर्धाच मांडताय. जन्म रॉटरडॅमचा म्हणून टीम रॉटरडॅमची म्हणायची असेल तर उलटी यादी पण काढा. जेल्सन मार्टिन्स जन्माने प्रायाचा, खेळला पोर्तुगालकडून. रोलांदो मिंदेलोचा, तोही पोर्तुगालकडून. नानीचं कुटुंब तिथलं. फ्रान्सच्या पॅट्रिक व्हिएराच्या आईकडची मुळं तिथली, स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील तिथले. इतकी वर्षं ही बेटं दुसऱ्यांना माणसं पुरवत होती तेव्हा कुणी विचारलं नाही की हे खेळाडू कुणाचे. आता चार पोरं उलट दिशेने आली की लगेच पासपोर्ट तपासायला बसायचं.

आम्हा गोंयकारांना हे लवकर कळतं हो. १९६१ पर्यंत दोघांचा साहेब एकच होता, पोर्तुगीज, आणि अजूनही आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलेले आमच्या वाड्यावर घरटी एक. तो तिथून फेस्ताला, म्हणजे गावच्या चर्चच्या सणाला येतो तेव्हा त्याला कुणी परदेशी म्हणत नाही, उलट वर्गणी जास्त मागतात.

अवांतर: केप वर्दे ४०३३ चौरस किलोमीटर, गोवा ३७०२. लोकसंख्या आमची त्यांच्या जवळपास तिप्पट. बसा आता.

---

आकडेमोड

भावना बाजूला ठेवा, थोडं गणित. या वर्ल्ड कपला ३२ ऐवजी ४८ टीम आहेत, तो मुद्दा कुणीतरी काढणारच, मीच काढतो. आफ्रिकेला आधी ५ जागा होत्या, आता ९ थेट. क्वालिफायिंगच्या ग्रुपमध्ये यांचे १० मॅचमध्ये २३ पॉइंट, ७ जिंकल्या, २ ड्रॉ, १ हरली. कॅमेरून १९ वर. म्हणजे ग्रुप त्यांनी स्वच्छ जिंकला, कुणाच्या मेहेरबानीने नाही. पण जुन्या पद्धतीत ग्रुप जिंकून भागत नव्हतं, नंतर दोन मॅचचा प्लेऑफ असायचा, समोर सेनेगल किंवा मोरोक्को आले असते तर काय, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरं, हरली ती मॅच कॅमेरूनच्या राजधानीत, याऊन्देला, १-४. आणि सगळ्यात गंमत, हीच टीम डिसेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत सुरू होणाऱ्या आफ्रिकन कपला नाहीये. २४ टीम जातात तिथे, यांच्या ग्रुपातून इजिप्त आणि बोट्सवाना गेले. बोट्सवाना!

---

डावा_पाय

@आकडेमोड धन्यवाद, हेच म्हणायचं होतं, बोट्सवानाचं तर मी विसरलोच होतो.

---

कोपऱ्यावरची_किक

प्लेऑफचं म्हणाल तर तिथपर्यंत ते एकदा पोचलेच होते आणि ते ४८ वाल्या काळात नाही. ही गोष्ट फार लोकांना माहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

२०१४ च्या क्वालिफायिंगला यांच्या ग्रुपात ट्युनिशिया, सिएरा लिओन आणि इक्वेटोरियल गिनी. मार्च २०१३ ला इक्वेटोरियल गिनीकडे जाऊन ३-४ हरले, त्यात फर्नांदो वारेलाला रेड कार्ड, चार मॅचची बंदी. पुढे निघालं की गिनीने अपात्र खेळाडू खेळवला होता, म्हणून फिफाने ती मॅच केप वर्देला ३-० देऊन टाकली. मग सप्टेंबरला शेवटची मॅच, ट्युनिशियात जाऊन, जिंकायलाच हवी अशी, आणि हे २-० जिंकले! ग्रुप टॉप, प्लेऑफ पक्का, लोक रस्त्यावर. आणि मग कळलं की टीममध्ये वारेला खेळला होता आणि त्याची बंदी संपलेली नव्हती. म्हणजे ज्या मॅचचा निकाल समोरच्याच्या अपात्र खेळाडूमुळे यांच्या बाजूला फिरला, त्याच मॅचच्या कार्डामुळे यांचा खेळाडू अपात्र ठरला. ट्युनिशियाला ३-० देण्यात आली, प्लेऑफला ट्युनिशिया गेलं.

मैदानावर जिंकून कागदावर हरले. बारा वर्षं वाट बघितली त्यानंतर. आणि फेब्रुवारी २०१४ ला ही टीम फिफा रँकिंगमध्ये २७ वी होती, मार्च २०१५ ला एस्टोरिलला जाऊन पोर्तुगालला २-० हरवलं (हो, रोनाल्डो नव्हता, माहितीये). तेव्हा ४८ मुळे लॉटरी लागली म्हणणाऱ्यांनी जरा मागचं बघावं.

---

डावा_पाय

म्हणजे फेडरेशनच्या बंदीच्या नोंदी कुणी नीट ठेवत नव्हतं, आणि त्यात दोष फिफाचा? अहो हाच तर माझा मुद्दा. खेळाडू बाहेर तयार होतात, आणि घरी जे एक काम करायचं, कागद सांभाळायचं, तेही नाही. स्टेडियम? प्रायाचं नॅशनल स्टेडियम चीनच्या पैशाने उभं राहिलं.

---

कोपऱ्यावरची_किक

दोष फिफाचा असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. चूक त्यांचीच होती, म्हणून तर जास्त लागली.

---

वेस्टातली_वहिनी

मी रॉटरडॅमला राहते, दहा वर्षं झाली. बाकी फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, घरात दोन पुरुष ओरडत असतात तेवढंच. पण "रॉटरडॅमची पोरं" ज्यांना म्हणताय त्यांच्याबद्दल एक सांगते.

इथे हेमराड्सप्लेन नावाचा चौक आहे. केप वर्दियन लोक त्याला त्यांच्या भाषेत प्रासिन्या द केब्रोद म्हणतात, म्हणजे साधारण कडक्यांचा चौक. पन्नास-साठच्या दशकात त्यांचे खलाशी इथल्या बंदरात यायचे, जहाज मिळेपर्यंत खिसा रिकामा, मग त्या चौकात बसून राहायचे. त्यांची नातवंडं आता खेळतात. माझ्या मुलाच्या वर्गात एक जण आहे, घरी क्रिओल, शाळेत डच, आजी उन्हाळ्यात दोन महिने बेटावर. ऑक्टोबरमध्ये त्या रात्री आमच्या गल्लीत हॉर्न वाजत होते, निळे झेंडे, मी खिडकीतून बघत होते. आता ते पोर डच की केप वर्दियन हे त्याला विचारायची माझी हिंमत नाही, कारण मग तो माझ्या मुलालाही तेच विचारेल.

---

डावा_पाय

वहिनी, तुमच्या प्रतिसादाला काय उत्तर देणार. भावनिक नातं खोटं आहे असं मी म्हणतच नाहीये.

पण क्युरासाओ बघा. तेही गेलेत यंदा, दीड लाख लोकसंख्या, आजवरचा सगळ्यात छोटा देश. त्यांची जवळपास सगळी टीम नेदरलँड्समध्ये जन्मलेली. मोरोक्को २०२२ ला सेमी फायनलला गेलं तेव्हा २६ पैकी १४ जण बाहेर जन्मलेले. म्हणजे आता वर्ल्ड कप हा युरोपातल्या अकॅडम्यांचा आपसातला कप होणार, फक्त जर्सी वेगवेगळ्या. मला त्याचं वाईट वाटतं, केप वर्देवर राग नाही. २०२४ ला त्यांनी घानाला २-१ मारलं तेव्हा मी पण नाचलो होतो.

---

फातोर्ड्याची_पायरी

नाचलात ना, मग झालं तर.

मोरोक्को आणि क्युरासाओ एका तागडीत घालू नका पण. मोरोक्कोने स्वतःच्या अकॅडमीवर ढीगभर पैसा ओतलाय, क्युरासाओ अजून नेदरलँड्सच्या राज्याचाच भाग आहे, आणि केप वर्दे म्हणजे तिसरंच प्रकरण.

---

नवा_आयडी_जुना_माणूस

मग आपणही ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्यायला काय हरकत आहे? ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सला तो पासपोर्ट सोडून भारतीय व्हावं लागलं.

---

आकडेमोड

त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर हा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि केप वर्दे राहील बाजूला. एवढंच सांगतो की त्यांच्याकडे दुहेरी नागरिकत्व चालतं, आपल्याकडे नाही, त्यामुळे तुलना तिथेच थांबते.

बाकी २०२४ ची आफ्रिकन कपची क्वार्टर फायनल कुणी काढली नाही अजून. साउथ आफ्रिकेशी ०-० आणि मग पेनल्टी शूटआउटमध्ये रॉनवेन विल्यम्सने चार अडवल्या. चार! त्या रात्री मी लिहिलं होतं की या पिढीचं संपलं. शब्द मागे घेतो.

---

डावा_पाय

@कोपऱ्यावरची_किक तुम्ही बेटावरच्या लीगचं उत्तर अजून दिलेलं नाहीये, मी वाट बघतोय.

---

कोपऱ्यावरची_किक

नाही दिलं, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. वर्ल्ड कपचे पैसे येतील, ते बेटांवरच्या मैदानांत जातात की प्रायाच्या ऑफिसात मुरतात ते दोन वर्षांनी बघू, धागा मीच वर काढेन. तोवर स्पेनविरुद्ध किती गोल खातील त्याचा अंदाज टाका. माझा ०-२.

---

डावा_पाय

१-१. लिव्रामेंतो. आणि हो, मी त्यांच्याच बाजूने बघणार आहे, त्याचा या वादाशी संबंध जोडू नका.