सड्यावर विजेच्या मीटरशिवाय राहणं: साधेपणा की हौस?

सड्यावरचा:
राजापूरकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, २५० स्क्वेअर फुटांचं चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं, मीटर नाही, नळ नाही, आम्ही नवरा-बायको दोन वर्षं राहतोय. परवा चुलतभाऊ म्हणाला हे शहरातल्या लोकांचं फॅड आहे, ते मनाला लागलं म्हणून लिहितोय. ३३० वॅटचं एक सोलर पॅनल, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, त्यावर चार बल्ब, एक कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आणि दोन मोबाईल, दिवसाला अर्ध्या युनिटात सगळं भागतं. फ्रिज नाही, मासे आणले की त्याच दिवशी संपवायचे. खरंच सांगतो, काही कमी पडल्यासारखं वाटत नाही, उलट डोकं शांत झालंय. प्रत्येक घराला मीटर हवाच असं मला आता पटत नाही.

माहेरवाशीण:
नाही पटलं. तुम्ही निवडलंत, आमच्यावर लादलेलं होतं. आमच्या वाडीत लाईट आली तेव्हा मी चौथीत होते, तोपर्यंत कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझं, हात लहान म्हणून आत जायचा. मार्च लागला की विहीर तळाला जायची, आई पहाटे तीनला जाऊन बसायची, झऱ्यात साठेल तसं वाटीवाटीने हंड्यात भरायची, एक हंडा भरायला अर्धा तास. चुलीच्या धुराने तिचे डोळे कायम लाल. याला कोणी साधं राहणं म्हटलं की माझ्या पोटात तुटतं. तुमच्याकडे पाणी कोण भरतं तेवढं सांगा.

सड्यावरचा:
ताई, प्रश्न बरोबर आहे. पहिल्या उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून आणायचो आणि मी कामाला गेलो की बायकोच आणायची, तिच्याच वाट्याला जास्त आलं. ते चूक होतं. म्हणून त्या मे महिन्यात दुसरं सगळं थांबवून फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली, टाकी बांधली, ८ फूट व्यास, ७ फूट उंची, साधारण १० हजार लिटर. आपल्याकडे ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढ्याशा छपरावरूनही ६०-७० हजार लिटर वाहून जातं, पहिला पाऊस सोडून द्यायचा आणि मग पन्हळीतून टाकीत घ्यायचं. दोघांना दिवसाला ८० लिटर धरलं तर फेब्रुवारी ते मे १२० दिवसांना ९६०० लिटर. या वर्षी हंडा उचलावा लागला नाही.

वायरमनकाका:
टाकी उत्तम, पण जुलैचं बोला की. आठ-आठ दिवस झड लागते, ऊन नाही, लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलात तर लवकर मरते आणि नवीन घ्यायला पैसे लागतात. गॅसची टाकी बाजारातूनच येते ना? माझं आयुष्य वाड्या-वाड्यांत खांब उभे करण्यात गेलं, पहिल्यांदा बल्ब लागला की म्हाताऱ्या हात जोडायच्या, ते विसरता येत नाही. दुसरं, कातळावर फुरसं, तो विषारी साप, भरपूर, रात्री बॅटरी उतरलेली आणि पाय पडला तर? फुरशावर सरकारी दवाखान्यात विष उतरवायचं इंजेक्शन मिळतं पण तिथवर वेळेत पोचायला हवं, गाडीरस्ता आहे का?

सड्यावरचा:
रस्ता आहे, कच्चा पण रिक्षा येते. जुलैत पंखा बंद, एकच बल्ब आणि हातातला टॉर्च, गॅसही बाजारातलाच, हे मान्य. तरी गरजा कमी करून बघितल्याशिवाय नक्की काय लागतं ते कळत नाही, या मतावर मी ठाम आहे.

माहेरवाशीण:
तुमचं मत तुमच्यापाशी. मीटर प्रत्येक घराला मिळालाच पाहिजे, नको असेल त्याने बटण दाबू नये. पण दादा, त्या टाकीची जाळी कुठली वापरली, गवंड्याने पैसे किती घेतले आणि पन्हळ कशी जोडली ते सविस्तर लिहा. आई अजून गावीच असते, लाईट आहे पण विहीर अजूनही मार्चमध्येच आटते.